बाण हलेना

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भाची आजोळी आली. दिव्याहून येणाऱ्या मेमूने रोह्याला उतरली आणि रिक्षाने अष्टमीच्या घरी पोचली. पाठीवर एकच सॅक. तिची आई, म्हणजे माझी ताई, माहेरपणाला यायची तेव्हा पत्र्याची ट्रंक, दोन पिशव्या आणि लोणच्याची रिकामी बरणी एवढं सामान एसटीच्या टपावरून उतरवावं लागे. भाचीच्या सॅकेत दोन ड्रेस होते आणि एक लॅपटॉप. लॅपटॉप म्हणजे तिचं ऑफिस. ती सुट्टीवर आली होती आणि ऑफिसही तिच्याबरोबर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माजघरातून हाक आली, "मामा, टचपॅड मेला!"

जाऊन पाहिलं. फ्रिजशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, चार्जर फ्रिजच्याच बोर्डाला. जुन्या घरात धड थ्री-पिन प्लग तिथेच एक. पडद्यावर बाण मधोमध उभा. भाची बोट फिरवतेय आणि बाण ढिम्म. मध्येच थरथरल्यासारखा दोन बोटं सरकला, उडी मारून कोपऱ्यात गेला आणि तिथे चिकटून बसला.

"मुंबईला नीट चालत होता?"

"परवापर्यंत मस्त चालत होता. तुमच्याकडे आला आणि रुसला."

मी नकळत लॅपटॉप उचलून उलटा केला. खालची बाजू पाहिली, अंगठ्याने चाचपली. भाची माझ्याकडे बघत राहिली. "काय शोधताय?"

काय सांगणार? झाकण शोधत होतो. पंचवीस वर्षांपूर्वीची हाताची सवय. बाण अडला की उंदीर, म्हणजे माउस, उलटा करायचा, पोटाखालचं गोल झाकण उलट्या दिशेने फिरवायचं आणि गोळी तळहातावर पाडायची.

ती गोष्ट तिला सांगितली. इथेही सांगतो, कारण तिला अर्धीच सांगता आली. तिची मीटिंग सुरू झाली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी रोह्यात कॉम्प्युटरचे क्लास निघाले. मी अष्टमीहून कुंडलिकेचा पूल ओलांडून चालत जायचो. पावसाळ्यात नदी गढूळ होऊन पुलाखालून दणदणत असायची आणि क्लासला पोचेपर्यंत पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. दारात चपला काढायच्या, पाय पुसायचे आणि मग आत. आत एसी, जाड पडदे आणि सहा मशीन. प्रत्येकाला रेक्झिनचं आवरण, त्याला शिवलेली झालर. धावीर महाराजांच्या देवळात शिरताना माणूस जेवढा दबकत नाही तेवढे आम्ही तिथे दबकायचो. एका मशीनवर दोघं. एकाने की-बोर्ड धरायचा, दुसऱ्याने माउस, अर्ध्या तासाने अदलाबदल. विंडोज ९८. बंद करताना काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची की आता मशीन बंद करायला हरकत नाही. ती अक्षरं आल्याखेरीज बटणाला हात लावला तर सर ओरडायचे.

फी महिन्याला भरायची ऐपत नव्हती. सरांनी तोडगा काढला. शनिवारी क्लास सुटला की सगळी मशीन पुसायची, आवरणं झटकायची आणि सहाही माउस साफ करायचे. त्या बदल्यात तासभर एक मशीन फुकट. तेव्हापासून शनिवार म्हणजे उंदीर धुण्याचा दिवस. घरी आई विचारायची, "आज मारुतीला तेल घातलंस का?" मी म्हणायचो, "नाही, गणपतीच्या वाहनाची सेवा केली."

ज्यांनी तो माउस उघडून पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. पोटात एक गोळी, आतून पोलादी आणि वरून रबराची. गोटीपेक्षा मोठी, हातात घेतली की चांगली जड लागायची. माउस टेबलावर फिरला की गोळी फिरायची आणि ती फिरली की तिला टेकलेले दोन बारीक रोलर फिरायचे. हे रोलर एकमेकांशी काटकोनात. एक आडवी चाल मोजणार, दुसरा उभी. रोलरच्या टोकाला फटी पाडलेली चकती, चकतीच्या एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला तो पाहणारा डोळा. फटीतून उजेड किती वेळा लुकलुकला ते मोजून बाण तेवढा सरकवायचा. याखेरीज स्प्रिंगवर बसवलेला तिसरा एक छोटा रोलर. त्याला काही मोजायचं नसे, गोळी त्या दोघांना चिकटून राहील एवढंच तो बघायचा. क्लासमध्ये आम्ही त्याला शिपाई म्हणायचो.

या रोलरवर मळ बसायचा. टेबलावरची धूळ, हाताचा घाम, माउस पॅडच्या कापडाची लव आणि दिवाळीच्या सुमाराला झोडणी सुरू झाली की भाताचं बारीक तूस. एसीच्या खोलीतसुद्धा ते कुठून शिरायचं देव जाणे. हे सगळं गोळीला लागून आत जायचं आणि रोलरवर काळी घट्ट अंगठी तयार व्हायची. ती नखाने खरवडायची. नख पोचलं नाही तर कंपासपेटीतल्या करकटकाचं टोक. शेवटी स्पिरिटचा कापूस फिरवायचा, गोळी साबणाने धुऊन पंच्याने पुसायची. अंगठी अखंड सुटून आली की जो आनंद व्हायचा तो कानातला मळ निघाल्यासारखा. याहून सभ्य उपमा मला सुचत नाही.

आणि इथेच त्या उंदराचं खरं मोठेपण. तो आपलं दुखणं स्वतः सांगायचा. बाण वर-खाली जातोय पण आडवा जात नाही? मग आडवा रोलर माखलाय. आडवा जातोय, उभा अडतोय? दुसरा रोलर. दोन्हीकडे अडखळतोय? गोळीच मळलीय. अजिबात हलत नाही आणि माउस हातात हलका लागतोय? गोळी चोरीला गेलीय. हो, गोळ्या चोरीला जायच्या. शाळकरी पोरं खिशात घालून न्यायची आणि गोट्यांमध्ये भिडवायची. शेवटी सरांनी नियमच केला की संध्याकाळी सगळ्या माउसच्या गोळ्या काढून बोर्नव्हिटाच्या डब्यात ठेवायच्या, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. सकाळी क्लास उघडला की प्रसाद वाटावा तशा गोळ्या वाटल्या जायच्या.

अमेरिकेत डग्लस एंगलबर्ट नावाच्या माणसाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत हा उंदीर पहिल्यांदा लोकांसमोर चालवून दाखवला. त्याचा उंदीर लाकडी डबीचा होता आणि डबीखाली काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. आम्ही रोह्यात जे दोन रोलर नखाने खरवडत होतो ते त्या दोन चाकांचेच वंशज. हे मला पुष्कळ नंतर कळलं. आधी कळलं असतं तर शनिवारी थोडं अदबीने खरवडलं असतं.

पुढे २००१ साली एमकेसीएल ही कंपनी स्थापन झाली आणि पाठोपाठ तिचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स आला. सरकारी नोकरीला त्याचं सर्टिफिकेट लागणार असं ठरलं आणि क्लासचं रूपच पालटलं. तोवर आमच्यासारखी पोरं आणि धाटावच्या एमआयडीसीत पाळी संपवून येणारे चार कामगार एवढीच गर्दी असे. आता ग्रामसेवक आले, तलाठी आले, निवृत्तीला पाच वर्षं उरलेले गुरुजी आले. मी तोवर क्लासमध्ये हाताखालचा मास्तर झालो होतो. एका गुरुजींना माउस हातात दिला, म्हटलं, बाण वर न्या. त्यांनी माउस टेबलावरून उचलला आणि हवेत पडद्यासमोर धरला. दुसरे एक बाण उजवीकडे नेता नेता माउस टेबलाच्या कडेपर्यंत घेऊन गेले आणि हताश होऊन म्हणाले, "सर, टेबल संपलं." उचलून परत मध्ये ठेवायचा असतो, असं सांगितल्यावर त्यांना ती लबाडी वाटली. पाटीवर रेघ मारताना मधेच पेन्सिल उचलून चालत नाही, असा त्यांचा मुद्दा. मला आजही तो बिनतोड वाटतो.

ही माणसं माउसला घाबरायची म्हणून सरांनी एक युक्ती केली. पहिला आठवडाभर माउस काढूनच ठेवायचा आणि सगळं की-बोर्डवर शिकवायचं. टॅब, बाणाची बटणं, ऑल्ट धरून एफ, कंट्रोल-एस्केपने स्टार्ट मेनू. आणखी एक गंमत त्यांनी दाखवली होती. डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबायचं, येणाऱ्या प्रश्नाला होय म्हणायचं. मग उजवीकडच्या आकड्यांवरून बाण चालतो. ८ म्हणजे वर, २ म्हणजे खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे, ५ म्हणजे क्लिक. गुरुजी मंडळी खूश झाली. आकड्यांवर त्यांचा भरवसा होता.

तर भाचीची मीटिंग संपली. तिने ती डोळे आणि कान यांच्यावर निभावली होती, बोटाला काही करता आलं नव्हतं. मी म्हटलं, "डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट, नमलॉक." लॅपटॉप मोठा होता, आकड्यांची बटणं होती. पडद्यावर तोच जुना प्रश्न आला. तिने होय म्हटलं आणि ६ दाबलं. बाण उजवीकडे चालू लागला.

"हे कुठे शिकलात?"

"रोह्यात. विंडोज ९८ वर."

विंडोज ११ मध्येही ती तीन बटणं तशीच ठेवलीत याचं मला फार बरं वाटलं. गावात सगळं बदललं आणि एका वळणावर जुनी पाणपोई तशीच दिसली, तसं.

पण आकड्यांवरून बाण चालवणं म्हणजे बैलगाडीने ऑफिसला जाणं. मूळ दुखणं शोधायला बसलो. आता इथे उघडायला झाकण नाही, खरवडायला रोलर नाही. चौकोनी गुळगुळीत पाट, त्याला चेहरा नाही. आडवा अडलाय की उभा, सांगत नाही. दुखणं कुठे असेल याची यादी तेवढी लांबलचक.

पहिला संशय बटणावर. एफच्या रांगेत एका बटणावर टचपॅडचं चित्र असतं, काही यंत्रांत एफएन धरून ते दाबायचं असतं. चुकून कोपर लागलं की पॅड बंद. अर्ध्याअधिक घरांतलं दुखणं इथेच संपतं आणि माणूस ते कोणाला सांगत नाही. आमचं संपलं नाही. मग सेटिंग. विंडोज आणि आय एकत्र दाबून आत गेलो, टॅब मारत मारत टचपॅडपर्यंत पोचलो. चालू होता. बाहेरचा माउस लावला की पॅड बंद ठेवायची एक सोय तिथेच असते. कधी काळी कोणी तरी ती निवडतं आणि विसरतं. तीही बरोबर होती. मग डिव्हाइस मॅनेजर. ड्रायव्हर काढून टाकला, मशीन पुन्हा चालू केलं, विंडोजने तो आपणहून परत बसवला. बाण जागचा हलला, थरथरला, थांबला. भाचीने हात पुसले, पॅड सुक्या फडक्याने पुसला. मे महिन्यातला आपल्याकडचा घाम! ओलं बोट पॅडला कळत नाही हे खरं, पण पंख्याखाली कोरडं केलेलं बोटही कळेना. पॅड कडेने वर उचललाय का, लॅपटॉपचं पोट फुगलंय का, तेही पाहिलं. बॅटरी जुनी झाली की आत वायू धरून फुगते आणि पॅडला खालून ढकलते. तसं दिसलं तर पॅडचा विचार सोडून लॅपटॉप आधी बंद करावा, चार्जिंगला लावू नये आणि फुगवटा स्वतः दाबू-टोचू तर अजिबात नये. हिच्या लॅपटॉपचं पोट सपाट होतं.

दुपारी मी शेवटचं अस्त्र काढलं. पेनड्राइव्हवर उबुंटू घेतलं आणि लॅपटॉप त्यावरून चालू केला. यात हिशेब सरळ असतो. दुसऱ्या सिस्टीमवर पॅड चालला तर दोष विंडोजचा. तिथेही नाही चालला तर दोष यंत्राचा. उबुंटूचा पडदा आला. बाण मधोमध उभा. बोट फिरवलं. ढिम्म.

"संपलं," मी म्हटलं. "पॅड गेला."

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. पलीकडून न पाहताच उत्तर मिळालं की पॅड बदलावा लागेल, मशीन ठेवून जा, पार्ट मुंबईहून मागवू, आठवडा लागेल. भाचीचा चेहरा पडला. मला मनातून जुना राग आला. बोर्नव्हिटाच्या डब्यातली एक गोळी, साबण आणि नख यांत जे सुटायचं त्यासाठी आता आठवडा, आणि वर माहीत नाही किती हजार. त्या दुपारी मी तिला जुन्या काळाचं कौतुक जरा जास्तच ऐकवलं. शनिवारच्या त्या सहा उंदरांनी मला वैतागही कमी दिला नव्हता, हे सोयीस्कर विसरलो. ते उंदीर दर आठवड्याला अडायचे. हा पॅड तीन वर्षं कोणी हात न लावता चालला होता. माउसची हिरवी पिन आधी न लावता मशीन चालू केलं तर ते माउसला ओळखतच नसे. पुन्हा सगळं बंद करून पहिल्यापासून. लाइट गेली आणि यूपीएसने किंचाळून हार मानली की केलेलं काम गेलं. दोन हजारनंतरच्या दशकात आपल्याकडे लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावलेलं असायचं. एमएसईबीची २००५ साली महावितरण झाली, पण लाइट जाण्याच्या वेळेत फरक पडला नव्हता.

आणि लाइट म्हणावं तर त्या संध्याकाळी खरोखरच गेली.

सात वाजले असतील. आभाळ भरून आलं होतं, वळवाची एक सर येऊन गेली आणि अष्टमी अंधारात. आई देवाजवळचा दिवा घेऊन माजघरात आली. भाची आकड्यांवर बाण चालवत बसली होती. लॅपटॉप बॅटरीवर, पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर. सवयीने तिने बोट पॅडवर ठेवलं.

"मामा! चालतोय!"

बाण लोण्यासारखा फिरत होता. वर, खाली, आडवा, गोल. आम्ही दोघं बघत बसलो. लाइट असताना रुसलेला पॅड लाइट गेल्यावर हसायला लागला होता. पंधरा मिनिटांनी लाइट आली. फ्रिज गुरगुरला, पंखा फिरला आणि बाण पुन्हा थरथरून कोपऱ्यात जाऊन बसला.

भाचीने वैतागून झाकण मिटलं आणि हात झटकला. "ई! याला झिणझिण्या येतात."

दिवा देवाजवळ ठेवून आई परत येत होती. ती थांबली. "कशाला झिणझिण्या?"

"लॅपटॉपला, आजी. वरून धातूचा आहे ना. बोट अलगद फिरवलं की गुदगुल्यांसारखं होतं."

"फ्रिजला व्हायचं तसं?" आईने मला विचारलं. "आठवतंय का रे? पहिला फ्रिज आणला तेव्हा हात लावला की असंच व्हायचं. तुझ्या बाबांनी वायरमनला आणून विहिरीकडे खड्डा करून घेतला होता. मीठ आणि कोळसा घालून."

मला सगळं लख्ख आठवलं.

नव्वदच्या सुमाराला घरी फ्रिज आला. भिजल्या हाताने दार उघडलं की बोटांना मुंग्या. आजी तर त्याला हात लावायलाच तयार नव्हती. अंगात आलंय म्हणाली. मग वायरमन आला. विहिरीच्या कडेला छातीभर खोल खड्डा खणला, त्यात जस्त चढवलेला पाइप उभा केला. भोवती लाकडी कोळशाचा एक थर, खडे मिठाचा एक थर, परत कोळसा, परत मीठ. मीठ आपल्या पेणकडच्या मिठागरातलं, पोतंभर. मीठ ओलावा धरतं, कोळसा तो टिकवतो आणि ओल्या मातीतून वीज सहज जमिनीत उतरते. पाइपापासून जाड तार निघून घरात, फ्रिजच्या थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकात. वर सिमेंटची कुंडी आणि लोखंडी झाकण. वायरमन बजावून गेला की होळी झाली की पाऊस पडेपर्यंत रोज यात बादलीभर पाणी घाला. आईने ते व्रतासारखं पाळलं. सकाळी तुळशीला तांब्या आणि अर्थिंगला बादली. आम्ही पोरं त्या खड्ड्याला अर्थिंगबाबा म्हणायचो.

"तो खड्डा आहे कुठे आता?" भाचीने विचारलं.

कोणालाच लगेच सांगता येईना. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं, पत्रे उडाले, विहिरीकडचा फणस आडवा झाला. कित्येक दिवस लाइट नव्हती. पुढच्या वर्षी डागडुजी करताना आम्ही सगळं अंगण पेव्हर ब्लॉकचं करून घेतलं. चिखल नको, शेवाळ नको, गाडी आत येते. चकचकीत झालं. आईने तेव्हा एकदा विचारलं होतं, बादली कुठे ओतू? कोणी लक्ष दिलं नाही. मी तर नाहीच दिलं.

सकाळी वायरमनकाकांना बोलावलं. जुन्यांपैकी एकटेच उरलेत. त्यांनी बल्बच्या होल्डरला दोन तारा जोडलेला आपला टेस्ट लॅम्प काढला. बोर्डात फेज आणि न्यूट्रलला लावला, बल्ब झगझगीत पेटला. फेज आणि अर्थला लावला, बल्ब मेलेला. (हे घरी कोणी करून पाहू नये, २३० व्होल्टशी खेळ आहे आणि वायरमन त्यासाठीच असतो.) काका म्हणाले, "अर्थ नाहीच. नुसतं भोक आहे शोभेला."

लॅपटॉपचा चार्जर थ्री-पिनचा होता. चार्जरमधून एक अगदी बारीक गळती बाहेर येतच असते, यंत्राच्या रचनेतच ती असते. अर्थ नीट असेल तर ती मुकाट जमिनीत जाते. अर्थ नसेल तर ती लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येऊन बसते. त्याने सहसा कोणी दगावत नाही, पण झिणझिण्या येतात. आणि पॅड बावचळतो, कारण पॅडला बोटाचा दाब कळतच नाही. त्याच्या काचेखाली आडव्या-उभ्या बारीक तारांची जाळी असते, अंगणात काढतात त्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी. जाळीवर अगदी हलका विजेचा भार ठेवलेला असतो. बोट जवळ आलं की त्यातला थोडा भार ते ओढून घेतं. कुठल्या ठिपक्यापाशी किती ओढला गेला ते मोजून पॅड बोटाची जागा काढतो. त्याच्या लेखी आपलं बोट म्हणजे जमीन. आता खुद्द यंत्राच्या अंगावरच चार्जरची थरथर पसरलेली असेल तर बोट कुठलं आणि थरथर कुठली हे त्याने ओळखायचं कसं? म्हणून तो कधी गप्प बसतो, कधी उड्या मारतो. उबुंटूवर तो चालला नाही याचं कारणही हेच. तेव्हाही चार्जर लावलेलाच होता. चोर सोडून मी संन्याशाला सुळी देत होतो. पॅड ठणठणीत होता, ड्रायव्हरही ठणठणीत होता. तपासायचं राहिलं होतं ते फक्त घर.

आणि म्हणूनच मुंबईत चालणारा पॅड अष्टमीत रुसला. तिच्या फ्लॅटला अर्थिंग आहे.

खड्डा आईने दाखवला. विहिरीपासून सहा पावलं, मग तुळशीच्या दिशेने दोन. तिने पावलं टाकली, काकांनी पहार लावली. चार ब्लॉक निघाले, खाली रेती आणि तिच्याखाली ते लोखंडी झाकण, गंजून पापुद्रे सुटलेलं. ब्लॉक बसवणाऱ्यांनी तार मध्येच तोडून वळवून ठेवली होती. कुंडीतली माती भुगा झाली होती. आदल्या दिवशीच्या वळवाचा थेंबही ब्लॉकखाली पोचला नव्हता. काकांनी पाइपाचं वरचं टोक घासलं, नवी तार जोडली, वरचे थर उकरून नवा कोळसा आणि मीठ भरलं. मीठ या वेळी वाण्याकडून आणलं, पिशवीवर गुजरातचं नाव होतं. भाचीने विहिरीचं पाणी शेंदून दोन बादल्या ओतल्या. तिला राट चालवता येत नव्हता. पहिली बादली अर्धी सांडली. पॅडवर बोट सराईतपणे फिरतं, दोर मात्र हातातून निसटत होता. आजी तिच्यामागे उभं राहून शिकवत होती आणि दोघी खदखदून हसत होत्या.

काकांनी पुन्हा बल्ब लावला. पेटला.

चार्जर लावून भाचीने पॅडवर बोट ठेवलं. बाण निघाला. तिने झाकणावरून हात फिरवला, झिणझिण्या नाहीत. अख्खा खर्च वायरमनच्या मजुरीसकट हजाराच्या आत आला. तार धरून.

तिची आणि माझी त्या रात्री एक चर्चा झाली. लॅपटॉपवर हे बोटाने चालवायचं प्रकरण रुळलं कधी? मी तिला सांगितलं, १९९४ साली ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेपासून. त्याआधी त्यांच्या लॅपटॉपवर पॅडच्या जागी ट्रॅकबॉल असायचा. म्हणजे पालथा घातलेला उंदीर. गोळी वर आणि अंगठ्याने ती फिरवायची.

"मग तिच्यावर मळ बसायचा?"

"बसायचाच."

"आणि तुम्ही नखाने काढायचात?"

"तसला लॅपटॉप रोह्यात कोणाकडे नव्हता. असता तर काढला असता."

ती परत गेली त्याला आता महिना होईल. झाकणाच्या जागेवर आम्ही ब्लॉक परत बसवले नाहीत, तेवढा चौकोन उघडा ठेवलाय. आईने त्याच्याभोवती झेंडूचं बी टाकलंय. पाऊस लागलाय, त्यामुळे बादलीची गरज नाही.

तुमचा पॅड चार्जर काढल्यावर चालत असेल आणि लावल्यावर अडत असेल, तर ड्रायव्हर उपटण्याआधी वायरमनला बोलवा. आणि अंगणात पेव्हर घालणार असाल तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, बादली कुठे ओतायचात.